तक्ता नंतर, आधी पाणी आणि ज्वारी

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत जूनपासून मदतनीस म्हणून रुजू होणार, हातात अडीच-तीन महिने आहेत, आणि तेवढ्यात बिअरच्या शंभरेक स्टाइल्सचा तक्ता पाठ करायला घेतलास. तक्ता ठेवून दे. तो स्पर्धेच्या परीक्षकांसाठी बनवलेला असतो. त्यातले कडूपणाचे आणि रंगाचे आकडे आज पाठ होतील, पोळ्यापर्यंत उडून जातील, आणि टाकीसमोर उभं राहिल्यावर त्यातला एकही आकडा आता काय करायचं ते सांगणार नाही.

त्यापेक्षा कोणतीही बिअर समोर आली की चार गोष्टी विचार. तिथलं पाणी कसं होतं? धान्य कोणतं पिकत होतं? थंडी किती आणि कधी मिळत होती? आणि सरकार कर कशावर घेत होतं? बहुतेक स्टाइल्स या चार उत्तरांतून निघाल्या, नावं मागाहून पडली. ज्याच्या घरी बोअरचं पाणी, वावरातलं धान्य आणि पावसाचा भरवसा यांवर रोज बोलणं होतं, त्याला हे प्रश्न परके नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरी यीस्ट, म्हणजे साखरेचं मद्यार्क करणारं किण्व, टाकायचं नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, आणि वर्धा, गडचिरोली हे जिल्हे तर पूर्ण दारूबंदीचे. शिवाय "अमक्याच्या घरी भट्टी लागली" ही बातमी गावात किती वेगानं फिरते ते तुला माहीत आहे. दारूविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या बाया उगाच चिडलेल्या नसतात, त्यांच्या रागाला कारणं आहेत. पण शिकण्यासारखं अर्ध्याहून जास्त काम यीस्ट पडण्याआधीच होतं. पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि वर्ट (त्यातून निघणारा गोड रस) इथपर्यंत सगळं घरी करता येतं, आणि त्यात मद्यार्काचा थेंबही नसतो.

पाण्यापासून सुरुवात कर. चेक देशातल्या प्लझेन गावाचं पाणी अगदी मऊ, जवळपास क्षार नसलेलं. तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरनं फिकट माल्ट, झाटेक भागातले हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) आणि थंडीत काम करणारं यीस्ट वापरून सोनेरी लागर, म्हणजे थंडीत हळूहळू आंबवलेली बिअर, केली. तीच पिल्सनर. आज जगभर खपणारी फिकट बिअर बहुतेक तिच्याच वंशातली. इंग्लंडात बर्टन-ऑन-ट्रेंटच्या विहिरींना जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर. सल्फेटनं हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि धारदार लागतो, म्हणून पेल एल, ही फिकट, कडवट इंग्लिश बिअर, तिथे फुलली. डब्लिन आणि म्युनिकच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त. अशा पाण्यात नुसता फिकट माल्ट भिजवला तर मॅशचा, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याच्या मिश्रणाचा, पीएच (आम्लतेचं माप; कमी तितकं आंबट) वरच राहतो. तो ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. वर राहिला की साखर नीट निघत नाही आणि टरफलातला तुरटपणा उतरतो. भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं, ते घातलं की पीएच खाली येतो. म्हणून डब्लिनला काळी स्टाउट जमली आणि म्युनिकला तपकिरी डुंकेल. काळा रंग ही हौस नव्हती, पाण्यावरचा इलाज होता.

आता तुझ्या गावाकडे ये. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा तुला सांगायला नको. तिथल्या भूजलात सोडियमचे क्षार आहेत, आणि सोडियम उकळून जात नाही. पट्ट्याबाहेरच्या बोअरचं पाणी बहुधा नुसतं जड असतं. फरक घरीच कळतो. दोन लिटर पाणी पंधरा मिनिटं उकळ, रात्रभर स्थिर ठेव, सकाळी तळ बघ. पांढरा साका बसला तर कॅल्शियम बायकार्बोनेट होतं, आणि वरचं निथळून घेतलेलं पाणी बरंच सुधारलं. साका नाही आणि पाणी तरी खारट, तर ते आरओशिवाय कामाचं नाही. टीडीएस मीटरवर विसंबू नकोस. तो एकूण क्षार दाखवतो, कोणते ते दाखवत नाही. ६०० टीडीएसचं एक पाणी उत्तम पेल एल देईल आणि ६०० चंच दुसरं पाणी बिअरचं वाटोळं करील.

आरओचं पाणी तसंच वापरणंही चूक. यीस्टला आणि मॅशला कॅल्शियम लागतं, लिटरला निदान ५० मिलिग्रॅम. १०० लिटर आरओ पाण्यात २१ ते २२ ग्रॅम जिप्सम घातलं की तेवढं मिळतं, किंवा १८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (पाणी धरलेलं, डायहायड्रेट). बिअर कोरडी, कडवट हवी तर जिप्सम जास्त. भरदार आणि गोडसर हवी तर क्लोराइड जास्त. खारपाणपट्ट्यात जमीन सुधारायला वावरात टाकतात तेच जिप्सम, फक्त ब्रुअरीत खाण्याच्या प्रतीचं लागतं. खताच्या दुकानातली गोणी उघडू नकोस.

नळयोजनेच्या पाण्यात वेगळी भानगड असते. ग्रामपंचायतीनं टाकलेली टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन, माल्टमधल्या फिनॉलशी जुळली की दवाखान्यासारखा, प्लास्टिकसारखा वास येतो. हा वास एकदा बसला की कशानंही जात नाही. पाणी उकळून घे किंवा रुंद तोंडाच्या भांड्यात रात्रभर उघडं ठेव. शहरात क्लोरामाइन वापरलेलं असेल तर ते असं उडत नाही. तिथे कोळशाचा फिल्टर लागतो.

धान्यावर जास्त लिहितो, कारण खरं शिक्षण तिथे आहे.

धान्यात पिष्ट असतं आणि यीस्ट पिष्ट खात नाही. दाणा उगवायला लागला की पिष्टाची साखर करणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात. तिथे उगवण थांबवून दाणा वाळवला की झाला माल्ट. मग गरम पाण्यात विकरांना उरलेलं काम करू द्यायचं, तो मॅश. युरोपात हे बार्लीवर जमलं. तिला उगवायला १५ ते १८ अंश लागतात, आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात ते कुठून आणणार? ज्वारीला मात्र २५ ते ३० अंश हवेत. घरातली थंड, अंधारी खोली पुरते.

एक किलो ज्वारी घे. बियाण्याची पिशवी कधीही नाही. त्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं, रंग त्यासाठीच दिलेला असतो. घरची खायची ज्वारी घे, पण कोठीत सल्फासची गोळी ठेवलेली नाही ना ते विचार. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारीही नको, तिच्यावरची बुरशी विषारी असू शकते आणि भिजवल्यावर आणखी पसरते. लाल, पाखरं न खाणाऱ्या वाणांत टॅनिन असतं, ते विकरांना बांधून टाकतं. आपली पांढरी ज्वारीच बरी. मग सोयाबीन पेरण्याआधी करतात तीच उगवणशक्तीची परीक्षा घे. १०० दाणे ओल्या बारदान्यावर, तीन दिवस. ९५ च्या आत उगवले तर ती ज्वारी भाकरीला ठेव. न उगवलेला दाणा माल्टमध्ये नुसता निकामी नसतो, सगळ्यात आधी त्यालाच बुरशी लागते.

धुऊन वर तरंगलेले दाणे काढून टाक. आठ तास भिजव, पाणी ओतून दोन तास नुसतं निथळत ठेव, पुन्हा नव्या पाण्यात आठ तास. मधली ही हवा विसरलीस की दाणा गुदमरतो आणि आंबट वास येतो. भिजलेला दाणा तोलून बघ. एका किलोचे सुमारे १.४ किलो झाले की पाणी पुरेसं प्यायला. मग ओल्या बारदान्यावर तीन-चार सेंटिमीटरचा थर, सावलीत. दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपड, दोनदा हातानं उलट. उगवणारा दाणा उष्णता सोडतो. थरात हात घातल्यावर गरम लागलं तर थर पातळ कर. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दोन-तीन सेंटिमीटर झाले की थांबव.

वाळवताना बहुतेकांचं चुकतं. टिनाच्या छपरावर टाकायचा मोह होतो, कारण तिथे दुपारपर्यंत कडकडीत वाळतं. पण चैत्रात टिन ६० अंशांच्या वर तापतो, आणि ओला दाणा एवढा तापला की विकरं मरतात. मग दिसायला माल्ट आणि आतून नुसती ज्वारी. सावलीत, पातळ पसरून, पंखा लाव. दाणा ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नकोस. दाताखाली कट्कन फुटला की झाला. मग बारदान्यात घालून चोळ आणि सुपानं पाखड, म्हणजे मुळ्या आणि कोंब वेगळे होतील. शेवटी ८०० ग्रॅमच्या आसपास हाती लागेल.

ते कोंब आणि मुळ्या उकिरड्यात पुर. गाईपुढे टाकायचे नाहीत. कोवळी ज्वारी खाऊन ढोर मरतं ते ज्या सायनाइडनं, तेच या कोंबांत असतं. म्हणूनच ज्वारीचा माल्ट चोळून, पाखडूनच वापरतात आणि पुढचं उकळणं उघड्या भांड्यात करतात. उरलंसुरलं वाफेबरोबर निघून जातं.

आता मॅश दोन पद्धतींनी कर, कारण फरकातच धडा आहे. ५०० ग्रॅम माल्ट रवाळ भरड. पीठ करू नकोस, नाहीतर गाळताना रडशील. पहिल्यांदा तो दोन लिटर पाण्यात थेट ६५ अंशांवर तासभर ठेव. नंतर चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाक. काळंनिळं होईल, म्हणजे पिष्ट तसंच आहे. तपासलेला नमुना फेकून दे, परत भांड्यात नको.

दुसऱ्यांदा तेवढाच माल्ट तेवढ्याच पाण्यात ५० अंशांना अर्धा तास ठेव, मग ढवळणं थांबवून साका बसू दे. वरचं एक लिटर निवळ पाणी काढून ठेव, विकरं त्यात उतरलेली आहेत. खालचा लगदा पंधरा-वीस मिनिटं उकळ, सतत ढवळत, नाहीतर तळाला लागतो आणि जळका वास थेट वर्टमध्ये येतो. घट्ट घाट्यासारखा झाला की उतरव आणि ८० अंशांपर्यंत निवू दे. मग ते काढलेलं पाणी, जे एव्हाना ४५ च्या आसपास असेल, जोरात ढवळत एकदम ओत. सगळं मिळून ६३ ते ६५ वर येतं. गोधडीत गुंडाळून दीड तास ठेव. आता आयोडीनचा थेंब तपकिरीच राहिला पाहिजे, आणि जो घाटा चमच्याला धरत होता तो पातळ, गोड झालेला दिसेल.

कारण असं. बार्लीचं पिष्ट ६० ते ६५ अंशांना फुलतं, म्हणजे विकरं जिवंत असतानाच. ज्वारीचं फुलायला ६८ ते ७५ लागतात आणि तिथपर्यंत विकरं टिकत नाहीत. म्हणून आधी विकरं बाजूला काढायची, पिष्ट शिजवायचं, मग दोघांची गाठ घालून द्यायची. मोठ्या ब्रुअऱ्यांत तांदूळ आणि मका वेगळ्या भांड्यात शिजवून मग बार्लीच्या मॅशमध्ये सोडतात, ते याच कारणानं. आणि १९८८ मध्ये नायजेरियानं बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या ब्रुअऱ्यांना हाच प्रश्न सोडवावा लागला. त्यांनी ज्वारी वापरली आणि कमी पडणारी विकरं बाहेरून घातली. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीचा माल्ट आणि मका घालून केलेली उमकोंबोथी तर फार जुनी आहे. गढूळ, आंबटसर, फसफसत असतानाच एका भांड्यातून प्यायची, आणि करणाऱ्या बहुतेक बायाच. आंबिलीला आंबट करणाऱ्या जीवाणूंचे भाईबंदच तिलाही आंबट करतात. तुझ्या तक्त्यात ती कोपऱ्यात कुठेतरी असेल. मला विचारशील तर ती पहिल्या पानावर हवी.

गाळायला धोतराचं जुनं फडकं घे. ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळण बसून घट्ट होते. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तूस धुऊन, उकळून मूठभर मिसळलं तर पाणी वाहतं राहतं. ब्रुअरीत गव्हाच्या बिअरला हाच उपाय करतात. चोथा त्याच दिवशी ढोरांना घाल. सरकी ढेपेची बचत होते, पण शिळा झाला तर आंबतो. वर्टही त्याच दिवशी संपव. उन्हाळ्यात झाकून ठेवलेलं वर्ट दुसऱ्या दिवशी आपोआप फसफसायला लागतं, आणि मग ते वर्ट राहत नाही.

वर्ट संपवण्याआधी त्यात हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी, बुडव. १.०४० च्या वर वाचन आलं तर माल्ट चांगला जमला. पण बरेच हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. ३५ अंशांच्या पाण्यात वाचन सुमारे ०.००४ नं कमी दाखवतं, तेवढं मिळवून घे. पुढे ब्रुअरीत सुरुवातीच्या वाचनातून शेवटचं वजा करून १३१ नं गुणलं की मद्यार्काचा टक्का निघतो. १.०४८ पासून १.०१० पर्यंत उतरलं तर साधारण ५ टक्के. या साध्या काचेच्या नळीनं एक अख्खी स्टाइल बदलली. लंडनची पोर्टर ही गडद बिअर पूर्वी सगळी तपकिरी माल्टची असे. ब्रुअर हायड्रोमीटर वापरायला लागले तेव्हा त्यांना दिसलं की तपकिरी माल्टपेक्षा फिकट माल्टमधून साखर जास्त निघते, म्हणजे तोच स्वस्त. मग १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरनं माल्ट काळाभोर भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि फिकट माल्टमध्ये चिमूटभर काळा घालून तोच रंग मिळायला लागला. नाव राहिलं, बिअर बदलली.

थंडीचं थोडक्यात. बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर करायला बंदी होती. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. थंडीतच काम करायचं म्हटल्यावर थंडीत टिकणारं यीस्ट उरलं, ९ ते १३ अंशांवर हळूहळू आंबवणारं. तीच लागर. १८७० च्या दशकात जर्मन इंजिनिअर लिंडेच्या शीतयंत्रानं आणि १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेननं वेगळ्या काढलेल्या शुद्ध यीस्टनं ती कुठेही, केव्हाही करता यायला लागली. उलट टोकाला नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचं क्वाइक यीस्ट ३५ ते ४० अंशांवरही स्वच्छ आंबवतं. थंड देशात गरमीचं यीस्ट! ते लोक ते वाळवून पुढच्या खेपेपर्यंत जपून ठेवत. पुण्यात शीतयंत्र बंद पडलं तर या यीस्टची आठवण ठेव. बाकी कोणत्याही यीस्टसाठी टाकीच्या आतलं तापमान बघ, खोलीचं नाही. आंबताना उष्णता सुटते आणि आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश वर असतं.

कर आणि कायदा हा भाग लोक सोडून देतात, आणि बिअरची संस्कृती सगळ्यात जास्त तिथेच बदलते. बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्यानं कॅफे-बारमध्ये कडक दारू मिळेनाशी झाली, मग जड, ८-९ टक्क्यांच्या बिअरना गिऱ्हाईक मिळालं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिच्यानंतर मोजक्या मोठ्या कंपन्या उरल्या आणि सगळीकडे एकच फिकी लागर. १९७८ मध्ये घरी बिअर करायला कायद्यानं मुभा दिली, आणि पुढच्या पिढीचे बरेच ब्रुअर त्या स्वयंपाकघरांतून आले. १९८० मध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरीनं कॅस्केड हॉप्सची, चकोत्र्याच्या वासाची पेल एल आणली. आज तिथल्या लाटेला ओहोटी आहे. १९६५ पासून नव्या चळवळीचं मूळ मानली गेलेली सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी २०२३ मध्ये बंद पडली. जपानमध्ये १९९४ पर्यंत वर्षाला २० लाख लिटर केल्याशिवाय परवानाच मिळत नसे. ती अट ६० हजारांवर आणली आणि गावोगावी लहान ब्रुअऱ्या निघाल्या. तिथेच माल्टच्या प्रमाणावर कर होता म्हणून कंपन्यांनी माल्ट कमी करून हाप्पोशू काढली. ऑक्टोबर २०२६ पासून सगळ्यांना एकच दर ठरवला आहे, तेव्हा तिचं काय होतं ते बघण्यासारखं असेल. जर्मनीत बिअर पिणं वर्षानुवर्षं घटतंय आणि बिनमद्यार्काची वाढतेय. हे लक्षात ठेव, पुढची नोकरी तिकडेही असू शकते. आणि आपल्याकडे? इथे बहुतेक गिऱ्हाईक रुपयामागे नशा मोजतं, म्हणून ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँगच खपते, बर्फासारखी थंड करून, म्हणजे चव लागायलाच नको. पुण्यात २००९ मध्ये डूलालीपासून मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या आणि ताजी, ५ टक्क्यांच्या आसपासची बिअर लोकांना कळायला लागली. तू ज्या कामावर जातेय ते या बदलाचं काम आहे.

आयपीएची, म्हणजे इंडिया पेल एलची, गोष्ट कोणी सांगेल की भारताच्या प्रवासात नासू नये म्हणून ती शोधून काढली. तेवढं सोपं नाही. हॉप्सनं भरलेली फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि त्याच जहाजांतून भारतात पोर्टरही भरपूर यायची. हॉप्स टिकाऊपणा देतात हे खरं, पण गोष्ट गोष्टच.

संत्र्याचं तू विचारलंस. बेल्जियमच्या हूगार्डनमध्ये १९५७ ला शेवटची गव्हाच्या पांढऱ्या बिअरची ब्रुअरी बंद पडली, आणि १९६६ मध्ये पिअर सेलिसनं ती स्टाइल पुन्हा उभी केली. न माल्टवलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल. त्यांची साल कडू क्युरासाव संत्र्याची. नागपुरी संत्र्याची गोडसर, हलकी लागते, म्हणून तीच चव येईल अशी अपेक्षा धरू नकोस, वेगळी येईल. मृग बहाराची संत्री आहेत तोवर सालं घे, कोमट पाण्यात चोळून धू, आतला पांढरा भाग चाकूनं खरवड (कडवट तुरटपणा त्यातच), सावलीत वाळव. २० लिटरला २० ते ३० ग्रॅम साल आणि १५ ग्रॅम भरडलेले धणे, उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातले तर वास वाफेत जातो. किलोभर वाळवून डब्यात पुण्याला ने, मुख्य ब्रुअर खूश होईल.

नाक घरीच तयार कर. रोज एक वास, डोळे मिटून. ताजं लोणी: हा वास बिअरमध्ये आला तर यीस्टला शेवटचं काम करू दिलेलं नाही. लागर शेवटी दोन-तीन दिवस १६-१८ अंशांवर ठेवली की जातो. उकडलेल्या मक्याचं पाणी: वर्ट झाकण ठेवून उकळलं किंवा हळू गार केलं. हिरवं सफरचंद: बिअर यीस्टवरून लवकर काढली. ओला पुठ्ठा: ऑक्सिजन आणि उष्णता. विदर्भातल्या दुकानाच्या मागच्या खोलीत मे महिना काढलेल्या बाटलीला हाच येतो, आणि ब्रुअरीचा त्यात दोष नसतो. लवंग आणि पिकलं केळं गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये हवेत, पिल्सनरमध्ये नकोत. एकविसाव्या वर्षाआधी कायद्यानं बिअर चाखायचीही नाही. त्यानंतरही कामाचं चाखणं म्हणजे २०-३० मिलिलिटरचा घोट, वहीत नोंद, पुढचा ग्लास. जो ब्रुअर संध्याकाळी पितो त्याचं नाक सकाळी झोपलेलं असतं.

शेवटी टाक्यांबद्दल, आणि हे नीट वाच. पहिले सहा महिने तुझं काम बहुतेक धुण्याचं असेल. १,००० लिटर ५ टक्क्यांची बिअर आंबताना सुमारे ३८ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणजे वीस हजार लिटर वायू. तो हवेपेक्षा जड, टाकीत साचून राहतो. बंद पडक्या विहिरीत उतरलेला माणूस आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, दोघंही परत येत नाहीत, ते आपल्याकडे घडतं. टाकीत तसंच घडतं. डोकंसुद्धा आत घालायचं नाही, आणि वायुमापक नसेल तर "लवकर होईल" म्हणणाऱ्याला नाही म्हण, तो मालक असला तरी. दुसरं, कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत कॉस्टिकचं (धुण्याच्या कॉस्टिक सोड्याचं) द्रावण सोडायचं नाही. कॉस्टिक तो वायू पिऊन टाकतं, आत पोकळी होते आणि स्टीलची टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपते. आधी हवेनं वायू बाहेर काढ, वरचा व्हॉल्व उघडा ठेव, मग २ टक्के कॉस्टिक, ७० अंशांच्या आसपास, नंतर पाणी, नंतर आम्ल. गरम धुण्यानंतर लगेच गार पाणी सोडतानाही वरचा व्हॉल्व उघडाच. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा तुझे स्वतःचे घे, तिथे मिळतात ते फाटके असतात.

पुण्यात स्थिरावलीस की मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या मद्यार्क तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांची चौकशी कर. मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. त्याला उपयोगी पडते.

दोन्ही मॅश झाले की मला आकडे पाठव: ज्वारीचं वाण, उगवण किती, भिजल्यावर वजन, वाळल्यावर वजन, प्रत्येक टप्प्याचं तापमान, आयोडीनचा रंग, हायड्रोमीटरचं वाचन आणि तेव्हाचं तापमान. उकळून निथळलेल्या बोअरच्या पाण्यानं एकदा आणि न उकळलेल्यानं एकदा केलंस तर उत्तम. थर्मामीटर आधी वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून घे. दोन अंशांची चूक असेल तर बाकी सगळं वाया.

तुझा
काका